वर्खावरची वाफ

माझे अब्बा मिठाईवर लावायचा वर्ख कुटत. चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनी मला वर्ख उचलायला बसवलं. बोटाला चिकटला की वर्ख गेला. म्हणून तो कुंचल्याने उचलायचा आणि जागेवर ठेवला की तोंड जवळ नेऊन हलकी वाफ सोडायची. सुरकुत्या जातात.

लग्न होऊन कोळवणला आले. आमचं किराणा दुकान होतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तिथं शेतघर बांधलं होतं. ईदला आमच्याकडच्या मिठाईवरचा वर्ख पाहून त्यांनी विचारलं, हा लावला कुणी? पुढच्या रविवारी ते सोन्याचा वर्ख आणि मधे भोक असलेल्या चकत्या घेऊन आले. भोकावर वर्ख बसवायचा होता. त्यांच्या लोकांकडून तो फाटायचा. लेसरचा जबर झोत त्यावर पडला की मागच्या बाजूने आयन, म्हणजे विजेचा भार असलेले बारीक कण, सुसाट सुटतात, असं ते ह्यांना सांगत होते. मी पडद्याआड ऐकलं.

वर्षभर चकत्या केल्या. साहेबांशी मी एक शब्द बोलले नव्हते.

एका रविवारी ते ह्यांना म्हणाले, "सोन्याच्या वर्खातून हायड्रोजनचे कण निघतायत. सोन्यात हायड्रोजन कुठला? पाणी नाहीतर तेल लागतंय कुठून तरी. चकत्या धुणारा आमचा माणूस निष्काळजी आहे. त्याला काढतोय."

पाणी म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. ह्यांना आत बोलावून सांगितलं.

"मग तूच सांग की. त्यो काय वाघ हाय?"

"तुमी सांगा."

"वाफ मी सोडली व्हय?"

मी बाहेर गेले. जमिनीकडे बघून म्हणाले, "मी त्याला तोंडाची वाफ देते. त्या धुणाऱ्या माणसाची काही चूक नसंल."

"भाभी, वर्षभर?"

"व्हय."

त्यांनी वाफेशिवाय दहा चकत्या मागितल्या. तोंडाला फडकं बांधून केल्या. चारांवरचा वर्ख फाटला. पुढचे दोन रविवार साहेब आले नाहीत. त्या दिवसांत मी दुकानात आलेल्या एकीच्या पुडीत साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

तिसऱ्या रविवारी जीप दुकानासमोर थांबली.

"वाफेशिवायही हायड्रोजन तेवढाच आहे," साहेब म्हणाले. "सोनं नुसतं हवेत ठेवलं तरी ओल धरतं. शिवाय आमच्या हवा काढणाऱ्या पंपाचं तेल उडून त्यावर बसतं. तुमच्या वाफेने फरक पडत नाही."

"आणि त्या माणसाचं?"

"कोणत्या?"

"धुणाऱ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आहे कामावर," ते म्हणाले. "मी त्याला काढणार होतो, हे त्याला ठाऊकही नाही."