डावा कौल
ओल्या तगरीचा वास आला की चंदगडकडच्या आमच्या गावातलं देऊळ आठवतं. नव्वदीच्या अखेरीस मी कोल्हापुरात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. एक ग्रीक विचारवंत म्हणायचा, देव आहेत, पण ते स्वतःत सुखी आहेत. त्यांना आपली काळजी नाही, रागलोभ आपणच त्यांना चिकटवतो. एकदा सकाळी हे मुलांना समजावून मी एसटीनं गावी पोचलो, तर आईचं ऑपरेशन करावं का, म्हणून वडील देवळात कौल लावून बसलेले. गुरवानं तगरीच्या दोन भिजवलेल्या कळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवल्या होत्या. आधी उजवी पडली तर ऑपरेशन करायचं, डावी पडली तर नाही. मी चिडून म्हणालो, "आबा, देवाला आपलं काय पडलेलं न्हाय. डॉक्टर करा म्हणत्यात की!" कळ्यांवरची नजर न काढता ते म्हणाले, "मग तू सांग. तू करूया म्हण, मी आत्ता उठतो." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीही कळ्यांकडंच बघायला लागलो. डावी कळी पडली. आई दिवाळीपर्यंतही राहिली नाही. तो विचारवंत मी अजून दरवर्षी शिकवतो. ती कळी पडली तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं, तेवढं मात्र सांगत नाही.