बटाट्यांच्या मुलखात आईचे उपवास

आमचं आयर्लंड हुकलं ते नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टपायी. दोन वर्षं घोकत होतो, मुलीला हिरव्या टेकड्या दाखवू, गाडी भाड्याने घेऊन गावोगाव फिरू. ऐन तिकिटं काढायच्या वेळी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढचं काही मिळेना. मग त्याने शोध लावला की आम्ही राहतो त्या इथल्या वेरिबी उपनगरापासून तीन तासांवर, पश्चिमेला, आयरिश लोकांनी वसवलेला बटाट्यांचा मुलूख आहे. तशीच टेकाडं, तसेच दगडी बांध, पाऊसही तसाच. शिवाय व्हिसा लागत नाही, म्हणाला. मी म्हटलं, वा, दुधाची तहान ताकावर.

सहलीचं खरं कारण मात्र आई होती. बाबा गेल्यापासून ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली, ते मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारणीकडून. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हातापाया पडून तिला इकडे आणलं. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं आणि ते पुढे ढकल म्हटलं की ती नुसती 'बघू' म्हणायची. आईचं 'बघू' म्हणजे नाही, हे मी लहानपणापासून जाणते. हा देश तिला आवडला तर राहील, असा माझा हिशोब. आता वेरिबीतल्या आमच्या गल्लीत आवडण्यासारखं काय आहे? सगळी घरं एका साच्यातली, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणून ही सहल.

सप्टेंबरच्या सुट्टीत निघालो. डिकीत राईस कुकर, पोहे, तांदूळ, मसाल्याचा डबा. छोटं स्वयंपाकघर असलेली एक केबिन घेतली होती. सकाळ-संध्याकाळ तिथे शिजवायचं आणि दुपारी एकदाच बाहेर खायचं, असा नियम. आई खुशीत वाटली. गाईंकडे बघून म्हणाली, यांना रोज आंघोळ घालतात की काय? माझी मुलगी खिदळली. मला वाटलं, जमतंय.

पहिल्या दुपारी एका बेकरीत शिरलो. आई फळ्यावरचे भाव वाचत उभी राहिली, ओठ हलत होते. डॉलरचे रुपये करत होती, दुसरं काय. मग म्हणाली, माझा सोमवार आहे, तुम्ही खा. नुसता काळा चहा घेतला. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे गणपतीचा वार. नवऱ्याने आग्रह केला, आई, निदान चिप्स घ्या, बटाटा चालतो की उपवासाला. तर म्हणाली, तुमचं इथलं तेल कसलं असतं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी बुधवार पांडुरंगाचा निघाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पुण्यात हिने जन्मात एक चतुर्थी धरली, तीही साबुदाण्याच्या खिचडीसाठी, आणि इथे एकदम आठवडाभराचे देव! आई, तेहतीस कोटींना पुरेल एवढे दिवस नाहीत आपल्याकडे, असं मी सगळ्यांसमोर बोलले. ती हसली. सकाळी आम्ही उठायच्या आत ती पोहे करून ठेवायची, आणि मी आधीच खाल्ले म्हणायची. त्यामुळे दुपारचं मी फार मनावर घेतलं नव्हतं.

त्या बुधवारी जेवणानंतर पुढच्या गावाला निघालो होतो. बाहेर बारीक पाऊस, हीटर लावलेला. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "मम्मा, आजी इज बीइंग वीअर्ड." वळून पाहिलं तर आईचा ब्लाउज घामाने भिजलेला. तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, खिडकी बंद झाली का विचारलं. आई पूर्वी पोस्टात नोकरीला होती, ती तिथल्या काउंटरची खिडकी म्हणत होती. आईसारखाच नवऱ्याच्या वडिलांनाही डायबेटिस होता, त्यामुळे साखर उतरलीय हे त्याच्या आधी लक्षात आलं. गाडी कडेला घेऊन त्याने मुलीच्या लॉलीजमधल्या, म्हणजे गोड गोळ्यांमधल्या, दोन आईच्या तोंडात घातल्या आणि जवळच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलची वाट धरली.

तिथे बोटातलं रक्त तपासलं, ज्यूस पाजला. हळूहळू आई भानावर आली. नर्स बाई फार गोड होत्या. शेवटचं कधी खाल्लं आणि डायबेटिसची गोळी कधी घेतली, एवढंच त्यांना हवं होतं. मी आईला विचारलं.

"सांग तिला, सकाळी पोटभर पोहे खाल्ले," आई म्हणाली.

पोटभर खाल्लं असतं तर साखर एवढी उतरली कशी? नर्स बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. खरं सांग, मी म्हटलं. आईने मान फिरवली. मग तिनेच कबूल केलं. पोहे ती आमच्यापुरते भिजवायची, स्वतः चहा प्यायची, आणि गोळी मात्र नेमाने घ्यायची. मी बाईंना सांगितलं की ही तीन दिवस रात्रीच्या चार घासांवर आहे. त्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून उद्यापर्यंत इथेच ठेवू, असं डॉक्टर सांगून गेले.

नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला आणि मी फुटले. अगं, आम्ही काय रस्त्यावर आलोय? जिवावर बेतलं असतं म्हणजे? मी चिडून रडत होते, मलाच ऐकवत नव्हतं. माझ्या नवऱ्याला फोनवर बोलताना ऐकलं होतं आईने, घराच्या हप्त्यांबद्दल. म्हणाली, जावई बिनकामाचा बसलाय आणि मी त्याच्या पैशाने बेकरीतलं खाऊ? तिच्या आईने म्हणे लेकीच्या घरी कधी पाणीसुद्धा घेतलं नाही. आई तेव्हा तिला हसायची, जुनाट म्हणायची.

मी म्हटलं, हे दिवस जातील. तू तिकडे एकटी पडलीस तर कोण आहे? माझ्याजवळ राहा, आई.

"तिकडे एकटी असते खरी," ती म्हणाली, "पण भूक लागली की उठून जेवते. इथे आधी तुमची तोंडं बघते."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते.

तेवढ्यात बाईंनी चीजचं सँडविच आणून दिलं. आईने ते हातात घेतलं, पण खाईना. ह्याचे वेगळे पैसे पडतात का, असं तिने मला हळूच विचारलं. नाही गं, म्हटलं. मग ती खायला लागली. भराभर, मान खाली घालून, ताटलीतला चुराही बोटाने टिपून. माझ्या आईला इतकी भूक लागलेली मी कधी पाहिली नव्हती. तिकीट पुढे ढकलायचा विषय मी पुन्हा काढला नाही.