सकाळची गोळी दादाला

हा राग माझ्या आईवरचा आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, टीबीच्या वॉर्डात. एड्सवरच्या गोळ्या येण्याआधी त्या वॉर्डात काय काय पाहिलंय! टीबी तर होताच, वर तोंडभर पांढरी बुरशी, अंगावर नागीण, महिना-महिना न थांबणारे जुलाब. एक खाट रिकामी झाली की चादर बदलेपर्यंत दुसरा हजर. बरा होऊन चालत गेलेला क्वचितच. मग फुकट गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, एकही चुकवायची नाही. आणि दोन-तीन वर्षांत त्याच वॉर्डात खाटा रिकाम्या दिसायला लागल्या. स्ट्रेचरवरून आलेली माणसं नंतर एसटीनं येऊन गोळ्या घेऊन जायची. डोळ्यांनी पाहिलंय मी.

त्यांतलीच एक माझी वहिनी. परळीला आमचं किराणा दुकान. दादाचं बाहेर काय चालायचं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, पण आधी आजारी पडली वहिनी, म्हणून रक्त तपासलं तिचं. रिपोर्ट आला त्याच दिवशी आईनं तिचं ताट वेगळं केलं. पोचा आलेलं स्टीलचं ताट, मोरीजवळ पालथं ठेवायचं, तिनंच घासायचं. दादा मात्र सगळ्यांबरोबर जेवायला! आजार घरात आणला कुणी, म्हणून मी विचारलं, तर आई म्हणाली, "तू तुझ्या घरचं बघ."

वहिनीच्या गोळ्या मीच सुरू करून दिल्या. चार-पाच महिन्यांत ताप गेला, तोंड बरं झालं. ब्लाउज घट्ट व्हायला लागलेत, असं सांगताना ती लाजली होती. आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच वॉर्डात! तोंडात बुरशी, हातापायांच्या काड्या.

"गोळ्या चुकवल्यास का वहिनी?"

"न्हाई वन्सं, एक बी न्हाई. संध्याकाळची रोज घेते."

"आणि सकाळची?"

ती खाली बघत म्हणाली, "सकाळची ह्यांना. आत्याबाई म्हणल्या, आधी त्याला दे, दुकान त्याच्यावर हाय."

माझं डोकंच फिरलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि गोळ्यांत मात्र वाटणी! तशीच परळीला गेले. आई भाकरी थापत होती. "घरात आलेलं आधी पुरुषमाणसालाच वाढतेत," ती म्हणाली, "कावून वरडाय लागलीस?" तिला खरंच वाटत होतं, औषध म्हणजे दूध, अर्धं-अर्धं केलं तरी दोघांच्या अंगी लागेल. दादा गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "दवाखान्यात माझं गोळ्यांचं कार्ड काढलं अन् कुणी बघितलं, तर दुकानात कोण येईल?"

"अरे हलकटा," मी ओरडले, "बायकोच्या तोंडातली गोळी खातोस, लाज नाही वाटत?" दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. ऐकू देत म्हटलं.

भरल्या दुकानात शोभा झाली, तेव्हा कुठं दादा रक्त तपासायला आला. त्याचं कार्ड निघालं, स्वतःच्या गोळ्या सुरू झाल्या, तो सावरला. वहिनी नाही सावरली. अर्धवट औषधानं तिच्या अंगातला आजार निगरगट्ट झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता पुढचं औषध लागेल, आणि ते इथं मिळत नाही. तितक्याच अर्धवट गोळ्यांवर दादा कसा तगला, ते मला कुणी सांगितलं नाही. वहिनी गेली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या होत्या. इतक्यांना वाचवणारं औषध तिच्या नावावर येत होतं, तिच्या हातात होतं, आणि तिला ते पुरतं खाऊ दिलं नाही आमच्या घरानं!

पुढच्या आठवड्यात आई ते पोचा आलेलं ताट भंगारवाल्याला द्यायला निघाली. मी हिसकावून घेतलं आणि माझ्या घरी आणलं.

आई माझ्याकडं आली की तिला मी त्यातच वाढते. ती जेवते.