मधल्या स्पीकरची वायर

लवू परबाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायको सुगंधा लग्न झाल्यापासून ते ओतत होती.

दोन हजार सहा साली त्याने इंद्रलोक सोसायटीतल्या आपल्या वन-रूम-किचनमध्ये कॉम्प्युटरला स्पीकर जोडून घरचं थिएटर केलं. डिजिटल केबल, रिसिव्हर, पाच स्पीकर आणि एक दांडगा वूफर. तो वूफर ठेवला नेमका खिडकीच्या कोपऱ्यात, जिथे सुगंधाच्या आईची खाट यायची होती. म्हातारी देवगडला एकटी राहायची, दोनदा न्हाणीत पडली होती.

"अहो, धनत्रयोदशीला आई येतेय. कायमची."

"हं," लवू म्हणाला. तो मागच्या स्पीकरचं तोंड सोफ्याकडे वळवत होता.

सुगंधाच्या डोक्यात तिडीक गेली. सिनेमातली माणसं बोलतात ती फक्त मधल्या स्पीकरमधून, ही अक्कल लवूनेच तिच्यापुढे पाजळली होती. तिने त्या स्पीकरची वायर उपटली.

"मधली वायर मी काढलीय," तिने सांगितलं.

"हं."

त्यानंतर घरात रोज हेलिकॉप्टरं उडाली, पूल कोसळले. पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत होती आणि लवू या स्पीकरपासून त्या स्पीकरपर्यंत कान लावत खुशीत फिरत होता. आज तरी विचारेल, असं सुगंधाला रोज वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं, आणि उरला तो निव्वळ राग.

धनत्रयोदशीला त्याने थिएटर मिरवायला शेजाऱ्यांना घरी बोलावलं. थोड्या वेळाने समोरचे जिग्नेशभाई म्हणाले, "लवूभाई, साउंड तो एकदम झकास. पर ये लोग बात क्यों नहीं करते?"

सगळे फिदीफिदी हसले. लवू टेबलामागे घुसला आणि लोंबती वायर घेऊन लालबुंद होऊन बाहेर आला.

"ही कोणी काढली?"

"मी. त्याच दिवशी सांगितलं होतं. आई आज येतेय, तेही सांगितलं होतं."

"कधी सांगितलंस?" तो ओरडला.

तेवढ्यात बेल वाजली. सुगंधाने दार उघडलं. टेम्पोवाला खाट घेऊन उभा होता. त्याच्यामागे जिन्याचा कठडा धरून, धापा टाकत तिची आई.

"तो डबा उचला," सुगंधा म्हणाली.

शेजाऱ्यांदेखत लवूने वूफर उचलला. पोटाशी धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला. चारी बाजूंनी त्याचेच स्पीकर, टेकवायला वीतभर जागा नाही.

"अगं, कुठे ठेवू हा?"

सुगंधा आईच्या हातातली पिशवी घेत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"हं," ती म्हणाली.