चहाची बदनामी

देवपूरला माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. दिवसभर वाचनालयात जुनी मासिकं चाळायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून त्यातली गंमत आम्हाला ऐकवायची, हा त्यांचा उद्योग. सध्या त्यांनी ‘चहा’ हा शब्द धरला आहे. जुन्या मासिकांत तो म्हणे गांजा आणि तपकिरीच्या पंगतीला बसलेला असतो. चहानं पिढी बुडाली, असं ते एक हात उंचावून सांगतात आणि दुसऱ्या हातातल्या बशीतून भुरका मारतात.

परवा त्यांच्या भाचीला बघायला फैजपूरचे पाहुणे आले. मुलगा भाचीच्या मनात भरला होता. ती चहा घेऊन आली आणि कप बघून यांना स्फुरण चढलं. मासिकांतली चहाची सगळी नालस्ती त्यांनी अशी रंगवली, की मुलाच्या आजोबांनी उचललेला कप खाली ठेवला. आमच्याकडे मुलीच्या घरचा चहा नाकारला म्हणजे स्थळच नाकारलं. भाचीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या बायकोनं, अक्कांनी, आजोबांकडे वळून तोंड उघडलं. “आबा, यासनं ऐकू नका. हाई मासिकातलं बठ्ठं वाचीसन घर येतस आनि पहिले चहाच मांगतस.”

आजोबा खो खो हसले, कप रिकामा केला आणि वर अर्धा कप मागून घेतला. भाची लाजून आत पळाली.

“तसं कॉफीबद्दलसुद्धा एका मासिकात...” आमचे शेजारी सावरून बसले.

अक्कांनी त्यांच्या तोंडात अख्खा लाडू भरला.