सावरटेकच्या वेशीवरची आडकाठी

मेहकराहून लोणारला जाणाऱ्या गाडीवाटेवर सावरटेक नावाचं लहानसं गाव होतं. त्या गावातली पुंजाजीची पडवी माहीत नाही असा वाटसरू विरळा. लोणारच्या धारेवर, तिथल्या पवित्र झऱ्यावर, आंघोळीला निघालेले यात्रेकरू, सरोवर पाहायला येणारे शहरातले हौशी लोक, कापसाचे गाडीवान, सगळे तिथे टेकत. पुंजाजी साधा कुणबी, शेती जेमतेम पोटापुरती. पण आल्यागेल्याला पाणी, बैलांना कडबा आणि पाठ टेकायला जागा देण्यात त्याचा जीव रमे. त्याची बायको वच्छलाबाई गरम भाकर आणि ठेचा वाढी. शेजारी फकीर मोहम्मद नालबंदाचं छप्पर होतं. बैलांच्या खुरांना नाल ठोकता ठोकता तो परगावच्या बातम्या काढून घेई आणि पुंजाजीला सांगे. 'सावरटेकला पुंजाजीकडे उतरा' असं लोक दूरदूर एकमेकांना सांगतात हे कानावर आलं, की पुंजाजी नुसत्या त्या शब्दांवर दिवस काढी.

विलायतेतली मोठी लढाई संपायला आली होती ते वर्ष. पावसाने दगा दिलेला, जोंधळा वीतभर उंचीवरच वाळलेला, आणि आश्विनात मानमोडीची साथ आली. ताप चढे, अंग ठणके, मान खाली पडे, आणि काल नांगर धरलेला माणूस आज तिरडीवर असे. मेहकरचा बाजार बंद पडला. तालुक्याचा शिपाई येऊन सांगून गेला की जत्रा भरवू नका, गर्दी करू नका. लोणारची वाट ओस पडली. धारेवर आंघोळीला म्हणून कोणी येईना.

महादेवराव पाटलांनी गाव बोलावून ठरवलं, की बाहेरचा माणूस आत येणार नाही. वेशीत बाभळीचा ओंडका आडवा टाकला. त्याच्यापाशी बसायला पुंजाजी आणि फकीर मोहम्मद, कारण वाटसरूंची पारख त्यांना. पुंजाजीला ते काम जड गेलं, पण पाटलांनी चारचौघांत आपलं नाव घेतलं याचं त्याला बरंही वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर दुसरबीडहून एक गाडी आली. गाडीत पुंजाजीची धाकटी बहीण झुंबरबाई, तिच्या दोन पोरी आणि गाडी हाकणारा दीर. भाऊबीजेला माहेरी आली होती. ओंडका पाहून ती खाली उतरली.

"दादा, आमच्यात कोनालेच ताप नाई," ती म्हणाली. "हात लावून पाह्य."

पुंजाजी जवळ गेला नाही. गावाने ऐकावं इतक्या मोठ्याने त्याने सांगितलं, की नियम सगळ्यांना सारखा, बहिणीला सोडलं तर उद्या कोणाला अडवू? बैल थकले होते, म्हणून ती मंडळी ओढ्यापलीकडे चिंचेखाली थांबली. दिवस मावळायच्या आत वच्छलाबाई दुरडीत भाकरी घेऊन गेली, दगडावर ठेवून लांब उभी राहिली आणि नणदेचं खाणं झाल्यावर परत आली. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी ते पाहिलं. सकाळी गाडी दुसरबीडला माघारी गेली. गाव म्हणालं, पुंजाजीसारखा माणूस होणे नाही. त्यालाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन दमण्या, छपराच्या हलक्या बैलगाड्या, आल्या. पुढच्या दमणीत खामगावचे एक वकील होते, सोबत बायको. मागच्यात सामान आणि आचारी. लोणारचं सरोवर पाहायचं बरेच दिवसांपासून मनात होतं, असं वकील म्हणाले. खामगावात माणसं मरत होती आणि ज्याला जमेल तो तिथून निघत होता, हे पुंजाजीला कळत होतं. त्याने हात जोडून नियम सांगायला सुरुवात केली. वकील हसले.

"तुम्हीच पुंजाजी ना? आमच्या क्लबात तुमचं नाव निघतं. म्हटलं, उतरायचं तर तुमच्याकडेच."

खामगावच्या क्लबात आपलं नाव! पुंजाजीचे हात ओंडक्याकडे गेले. फकीर मोहम्मद मागच्या दमणीपाशी जाऊन आला होता. तो हळूच म्हणाला, "पुंजाजी, आचारी पांघरून घेऊन पडला हाये. खोकून राह्यला. नको सोडू."

पुंजाजीने तो खोकला स्वतःही ऐकला होता. "परवासाचा शीण असन," तो म्हणाला. "मोठे लोकं हायेत, अडवलं तर बरं दिसत नाई." आणि त्याने ओंडका सरकवला. फकीर मोहम्मदने दुसरं टोक धरलं नाही. तो बाजूला उभा राहिला.

मंडळी पडवीत एक मुक्काम करून लोणारला गेली. गावातले कितीतरी जण त्यांना पाहायला येऊन बसून गेले. आचारी विहिरीवर लोकांच्या घागरींतून पाणी प्यायला.

भाऊबीज झाली आणि गावात ताप शिरला. आधी पडवीमागची दोन घरं, मग सगळी आळी. रुखमाबाई सुईण गेली, पाटलांचा धाकटा भाऊ गेला, एका घरात तर चूल पेटवायला कोणी उरलं नाही. सरण रचायला लाकडं पुरेनात. फकीर मोहम्मदही तापाने पडला. पुंजाजी त्याच्या छपरापर्यंत गेला आणि दारातूनच परतला. संध्याकाळी फकीर मोहम्मद गेला, तेव्हा कबरस्तानात माती द्यायला मोजकी माणसं होती. त्यांत पुंजाजी नव्हता.

ताप उतरला तेव्हा लोक कारण शोधू लागले. ओढ्यावरच्या बायांना दुरडी आठवली. दुसरबीडच्या गाडीने ताप आणला आणि वच्छलाबाईने तो भाकरीच्या दुरडीतून गावात आणला, असं ठरलं. वकिलांचं कोणाच्या मनात आलं नाही. एवढ्या स्वच्छ कपड्यांतल्या माणसांकडून रोग येतो, किंवा नियम त्यांनाही लागू होता, हे कोणाला सुचतच नव्हतं. पाटील चावडीवर पुंजाजीला म्हणाले, "तू तं नियम पाळला गा. घरच्या बाईनं घात केला." तिथे बोलायला हवं होतं. पुंजाजीने मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, बायकोची लाज वाटते याला.

विहिरीवर वच्छलाबाई आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. घरी एकदाच तिने विचारलं, "तो खोकनारा आचारी तुमी पाह्यला होता ना?" पुंजाजी गोठ्यात निघून गेला. त्यानंतर तिने विचारलं नाही, आणि तिचं न विचारणं त्याला सोसवेना. कोणी वाटसरू त्याचं नाव घेऊन आला तर तो मागच्या दाराने शेतात जाई.

उन्हाळ्यात तो फकीर मोहम्मदच्या घरी गेला. त्याची बायको अमीना अंगणात वाती वळाव्या तशी शांतपणे दोरी वळत बसली होती. वकिलांना आपणच सोडलं, तुझा नवरा नको म्हणत होता, एवढं त्याने कसंबसं सांगितलं.

"मले माहीत हाये," अमीना म्हणाली. "जाताना त्यायनं सांगतलं मले. म्हनले, तू कोनाजवळ बोलू नको, पुंजाजी सोताच सांगीन."

पुंजाजी तिथून उठला तो सरळ चावडीवर. पाटील होते, चार माणसं होती. त्याने सगळं सांगितलं: खोकला ऐकला होता, फकीर मोहम्मदने अडवलं होतं, क्लबातल्या नावाला आपण भुललो. मग पाटलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बायकोचं पाप अंगावर घेऊन राह्यला तू," ते म्हणाले. "असा मानूस पाह्यला नाई."

पुंजाजीने शपथ घेतली, अमीनाला विचारा म्हणाला. कोणी विचारायला गेलं नाही. त्याच्या चांगुलपणाची गोष्ट मात्र आठवडाभरात शेजारच्या गावांत पोचली. चावडीवर बोललेलं त्याने घरी सांगितलं तेव्हा वच्छलाबाई पीठ मळत होती. "उशीर केला तुमी," एवढंच ती म्हणाली आणि मळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर घागर घेऊन तो तिच्यासोबत जाऊ लागला. बाया अजून बाजूला होत, पण आता दोघांना पाहून.

पेरण्यांच्या आधी तो पायी दुसरबीडला गेला. ताप तिच्या गाडीने आणला, ही आवई झुंबरबाईच्या सासरीही पोचली होती. माहेरी ताप सोडून आली म्हणून सासू तिला ऐकवत असे. पुंजाजीने ओट्यावर बसून सासूसमोर, दिरासमोर सगळं सांगितलं. झुंबरबाईने त्याला पाणी दिलं, ताट वाढलं.

"खरं हाये हे, मले पटते," ती म्हणाली. "तुले मोठ्या मानसायचं लईच अप्रूप, लहानपनापासून."

या दिवाळीला ये, असं त्याने तिला म्हटलं. ती म्हणाली, पाहू. ती आली नाही. दोन वर्षांनी आली, पोरींना न घेता, आणि पडवीत न उतरता वच्छलाबाईजवळ स्वयंपाकघरातच बसली. नणंद-भावजय दोघी बोलत होत्या. पुंजाजी बाहेर उभा राहून ऐकत होता, आत जावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.