प्रिंटरची परवानगी

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता, आणि कोणत्या गावाला टँकर जायचा त्याची यादी रोज सकाळी कचेरीतल्या संगणकावरून छापली जाई. कडेला भोकं असलेला तो कागद हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसत.

संगणक सुरू होताना डिस्क, टर्मिनल, प्रिंटर यांची जुळणी एका स्क्रिप्टमधून, म्हणजे आज्ञांच्या एका फाईलमधून, होई. तीत प्रिंटर सगळ्यांना खुला होता. कुणीही यादी छापावी हे मला पटत नव्हतं. मी स्क्रिप्टचे सुटे भाग केले, ॲडमिनखेरीज, म्हणजे माझ्याखेरीज, कुणाला त्यांत बदल करता येणार नाही असं केलं आणि प्रिंटर नावं नोंदलेल्या एका ग्रुपपुरता ठेवला. त्या ग्रुपात मी एकटाच होतो.

रोजंदारीवरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, माझं बी नाव घाला की."

"आधी पर्मनंट हो."

काम चांगलं होतं, आजही मला तसंच वाटतं. पण बदल लागू होतो तो संगणक पुन्हा सुरू झाल्यावर. ते करून न बघताच मी पुतणीच्या लग्नाला नांदेडला निघून गेलो.

मी तिकडे असताना वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटर ऑपरेटरला दाद देईना. यादी पडद्यावर दिसत होती. त्यानं ती हातानं उतरवून काढली.

"मशीनचा कागद दे, बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "तुझं अक्षर वाचून टँकर बिदरला जाईल."

मुरुडकडच्या गावांना त्या दिवशी पाणी गेलं नाही.

परतलो तेव्हा चौकशी लागली होती. मी आधी ग्रुपात त्याचं नाव घातलं, मग अधिकाऱ्यांसमोर गेलो.

"ऑपरेटरला छापता येत होतं?"

"येत होतं. ग्रुपात नाव आहे."

त्याला काढून टाकलं. माझ्या स्क्रिप्ट इतर जिल्ह्यांत नमुना म्हणून गेल्या.

आता तो अर्धापूरला केळीच्या बागेत असतो. मध्यंतरी जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तुम्ही आल्यावर मी एक पान छापून बघितलं. निघालं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापाशी? ते मशीन त्या हापिसात तुम्हालाच कळत होतं." त्यानं चहा पुढं सरकवला. "घरात अजून म्हणतात, आबाला झोप लागली म्हणून टँकर राहिले. तेवढं लिहून द्या."

तो झोपला नव्हता. प्रिंटर मी बंद केला होता.